मयताचे पाइप

४ जून
सेंट जॉन्सहून इथे खाडीकाठी आले एकदाची. खोली उजेडाची, खिडकीखाली समुद्र. शेजारीण ब्राइड किहो पाव आणि खारवलेला मासा घेऊन दारात हजर. निवृत्तीनंतर प्रथमच सकाळी गुणगुणले. ज्या उत्खननावर मदतीला आलेय, तिथल्या डॉ. व्हिटननं माझ्या हाती ड्रिलची पाती दिली आणि बाळाला शिकवावं तसं शिकवलं : तंबाखू ओढायचा मातीचा पाइप जितका जुना, तितकं नळीचं भोक रुंद. नऊ नंबरचं पातं बसलं की पहिले वसाहतवाले. पुढे भोकं बारीक होत गेली, चार हे शेवटचं. चौतीस वर्षं भूमिती शिकवली रे मी! तुकडा दगडाचा की मातीचा, हे जिभेला कळतं, माती चिकटते. आज पन्नास चाटले. सगळे नऊ.

७ जून
ब्राइडनं ते तुकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, अगं बाई माझे, एका जागी एवढे पाइप म्हणजे मयताच्या घरी आलेल्यांना ओढायला वाटलेले! तिथला पाइप तोंडाला लावायचा तर आधी मेलेल्याचं नाव घेऊन प्रार्थना म्हणावी लागते. नाही तर तो आपल्यालाच नेतो. कॉन्व्हेंटात एवढंही शिकवलं नाही होय? मी म्हटलं, नन्सनी मला धर्म शिकवला, भानामती नाही.

९ जून
तेच तुकडे पुन्हा मापले. आता सगळ्यांना सातचं पातं. व्हिटन म्हणाला, वय झालं की नजर दगा देते, आजी. मेल्या, नजर कसली, पातं बसतंय! तोंडात तंबाखूची चव. जन्मात ओढली नाही मी.

११ जून
पाच. सकाळी जीभ टाळ्याला चिकटलेली. चमच्यानं सोडवली. रक्त.
आता प्रार्थना म्हणायला तयार आहे, पण कुणाच्या नावानं? ब्राइड फादरांकडे जाऊन आली. चर्चची नोंदवही अठराशे सत्तावीसपासूनची. त्याआधीच्यांची नावं कुठेच नाहीत. व्हिटनकडे फक्त सालं. ब्राइड रडली. संपलंच म्हणायचं.

१२ जून
चार. दुपारी भोकांत सुईही जाईना. बोलता येत नाही — ब्राइडला लिहून दाखवलं, निदान माझं नाव तरी घे. हो म्हणाली.

१३ जून
भर दुपार. माणसं आलीत. भिंतीला लागून बसलीत, अंगाला ओली माती. माझ्या मांडीवर बशी — कुणी ठेवली? — नवेकोरे पाइप. एकेक जण उचलतो. ओढतो. प्रार्थना कुणीच —
ब्राइड दारात. हात जोडलेत. सुरुवात करते, अडते. पुन्हा अडते.
मला विचारतेय, बाई, तुम्ही कोण? तुमचं नाव काय?
ब्राइड, अगं — थांब, लिहिते — माझं नाव