डाळीपुरतं पाणी

४ एप्रिल
आज बी वरण न्हाई जमलं. डाळ खाली, पाणी वर. नातू राहुल म्हणला, "आजे, ह्यात पोहायचं का हे खायचं?" त्याच्या बायकोचं, प्रज्ञाचं तोंड उतरलं. मी मुद्दाम दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पोरगी गुणाची हाय, सिद्धेश्वर धरणाकडची. लेक अन् सून पुण्याला कामाला, ही आली तवापासून घरात बोलणं हाय. हे लिहायला बी तीच लावती. रोज चार ओळी लिहा म्हणती, अक्षर सुधरल. सुधरून राहिलं.
नळ उशिरा आला. दारातला, आपला. पाणी आलं की मी अजून बी जाऊन बघते.

६ एप्रिल
प्रज्ञानं डोकं धुतलं. साबणाला फेसच न्हाई, केस केरसुणीवानी राठ. म्हणती माहेरी धरणाचं पाणी, जरासा साबण लावला की फेस मावंना. शिकेकाई लाव म्हणलं, तिनं बी काय झालं न्हाई. बादलीवर पांढरे डाग. चहाच्या पातेल्यात चुन्यावानी थर, घासून पातेलं झिजलं, थर तसाच. राहुलचा शर्ट वाळला की आपला आपला उभा राहतो. लई हसलो.
तरी नळ तो नळ. हापसून हापसून माझे खांदे गेले.

८ एप्रिल
दुकानदाराशी भांडले. म्हणलं जुनी डाळ देऊन राहिला. "मावशी, हीच डाळ समदं गाव खाऊन राहिलं." मग कुकरचं रबर बदलायला लावलं. शिट्टी झकास, डाळ तशीच. आता कुणाचं नाव घ्यावं?

१० एप्रिल
प्रज्ञाच्या आईचा फोन. चौदा एप्रिलच्या जयंतीला दोघं नवराबायको येऊन राहिले, लेकीच्या घरी पयल्यांदाच जेवायला. मला लई आनंद. पुरणपोळ्या प्रज्ञाच करणार, तिचा हट. म्हणून आज थोडी हरभऱ्याची डाळ लावून बघितली. शिजंना. मी म्हणलं सोडा टाक. जास्तीच पडला. पुरण तांबूस, चव साबणाची. पोरगी गॅसपाशी बसून रडली. "आई म्हणल लेकीला साधं पुरण येईना."
म्हणलं सोडा मी टाकायला लावला, मी सांगते तिला. तेवढ्यानं काय होतं.

११ एप्रिल
शेजारच्या गयाबाईनं ते पुरण चाखलं अन् थू थू करत बाहीर गेली. "काकू, नळाच्या पाण्यात पुरण शिजतं व्हय? बोरचं पाणी ते, जड. पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीचं आणा. आमी डाळीपुरतं तिथूनच आणतो."
त्या विहिरीचं गोड हाय, मला काय ठाऊक न्हाई?
म्हणलं, नको.

१२ एप्रिल
भाकर थापता थापता प्रज्ञानं विचारलं, "आजी, काहून नको?"
सांगितलं. माझी सासू त्या विहिरीपासून लांब बसायची घागर घेऊन. काठाला जायचं न्हाई. पाटलाकडचं कुणी आलं तर वरून वतायचं, न्हाई आलं तर उन्हात बसायचं. नवी नवरी होते तवा मी बी बसले. मग आमच्या गल्लीत हापसा आला, आता नळ. आता कुणी आडवत न्हाई. पण माझा पायच वळत न्हाई तिकडं.
तिनं थापलेली भाकर तव्यावर टाकली. मग, "म्हंजी आजी, तुमी तिथं कदी शेंदलंच न्हाई?"
न्हाई.
"मग चला की. शेंदू."
भाकर करपली त्या नादात.

१३ एप्रिल
गेलो, ऊन व्हायच्या आत. दोर घरचा. पोहरा राहुलनं डब्याला कडी ठोकून केला. पाटलीणबाई मळ्यातच राहती आता. बाजेवर बसून तूर निवडून राहिली. माझ्याच वयाची, नजर कमी झाली. तिच्या रानात म्या लई खुरपलंय.
"कोण, सुभद्रा का गं? पाणी पाहिजे व्हय? थांब, गड्याला हाक मारते, काढून दील."
म्या म्हणलं, "काढून नको देऊ, बाई. माझं मी शेंदते."
तिनं तुरीचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणली, "उजवीकडचा दगड हालतो. पाय जपून."
पाणी लई खोल गेलंय. पयला पोहरा अर्धा सांडला. प्रज्ञा धरायला आली, तिला म्हणलं सर मागं. दुसरा भरून आला. आधी ओंजळीनं प्याले. सासूची याद आली. पाणी तेच, पण तिला…
निघताना पाटलीणबाई म्हणली, "उद्या तुमची जयंती. पोळ्या व्हय? मला बी एक धाड."
मी घागर उचलली अन् चालू लागले.

१४ एप्रिल
डाळ बोटात धरली अन् लोण्यावानी विरघळली! प्रज्ञानं तसंच बोट माझ्या तोंडाला लावलं. पुरण सुटून आलं, येळवणीच्या आमटीला बी चव. पोळी फुगली की राहुल टाळ्या वाजवायचा, येडं.
पाव्हणे सिद्धेश्वरहून जीपनं आले. प्रज्ञाच्या आईनं पोळी मागून घेतली. "पाणी कुठलं गं तुमच्या इथलं?"
"विहिरीचं. आजीनं शेंदलं." पोरगी अशी ताठ बसली होती!
राहुल म्हणतो आता डाळीची घागर वेगळी ठेवू, आंघोळीला अन् भांड्याला नळ. बघू. दोर खुंटीला टांगलाय.
मिरवणूक निघायला आली, ढोल वाजून राहिले. एक पोळी तूप लावून ताटाखाली झाकलीय. राहुलनं हात घातला तर प्रज्ञानं चापट मारली त्याला. मला म्हणली, "आजी, गार व्हायच्या आत मळ्यात जायचं का?"
पांढरं लुगडं नेसून बसले. चपला अजून घातल्या न्हाईत.