बर्गेन ते ग्दान्स्क, एक तास चाळीस मिनिटं

९ जून, सोमवार. बर्गेन.
शनिवारी दुपारी तीनला ग्दान्स्कजवळच्या आमच्या गावच्या चर्चमध्ये दोरोताचं लग्न. मी भाऊ, साक्षीदारही मीच. अंगठ्या इथून मी नेणार. बर्गेन ते ग्दान्स्क हवाई अंतर १०३० किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून तीनदा मोजलं. ११.२० ला उड्डाण, एकला उतरायचं, पुढे टॅक्सीने सत्तर किलोमीटर. सव्वादोनला चर्च. पाऊण तास शिल्लक. आदल्या दिवशी जाऊन ताटकळायला मी म्हातारा नाही.

११ जून, बुधवार.
मासळीच्या कारखान्यातला जोडीदार लेशेक म्हणाला, शुक्रवारीच जा. वेळांच्या हिशेबाचा कागद दाखवला. त्याने तो पाहिलाही नाही. म्हणाला, "आणि दोराचं काय?" आमच्याकडे लग्नाच्या दिवशी शेजारी रस्त्यावर दोर बांधतात, वोडकाची बाटली घेतल्याशिवाय सोडत नाहीत. दोन बाटल्या ने म्हणाला. दोर नवरानवरीसाठी असतो, प्रवाशासाठी नाही. शिवाय विमानात दहा किलोच चालतं. माझं सामान नऊ किलो नऊशे ग्रॅम भरलं आहे.

१३ जून, शुक्रवार.
आईचा फोन. आजच ये ना रे, म्हणत होती. तिला अंतर समजावून सांगितलं. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

१४ जून, शनिवार. १२.५२.
उतरलो. आठ मिनिटं आधी.

१४.०८.
टॅक्सीतून चर्चचा मनोरा दिसतो आहे. कागदाच्या पुढे आहे मी.

१४.२५.
दोर. शेजारचे झिगमुंटकाका सोंग म्हणून डॉक्टरचा कोट घालून मधोमध उभे. म्हणाले, सूट घातलायस म्हणजे लग्नाचाच तू, काढ बाटली. नाही म्हटलं. अंगठ्या दाखवल्या. "मग तर दोन लागतील, बाळा." बाटली नसेल तर एक गाणं म्हण, सोडतो, म्हणाले. सगळे हसत होते. मी गाणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. टॅक्सी सोडली. बटाट्याच्या शेतातून सरळ रेषेत सहाशे मीटर. दहा मिनिटं.

१५ जून, रविवार.
शेतापलीकडे ओढा होता. पावसाने भरलेला. नकाशावर तो नव्हता. पुलापर्यंत वळसा घालावा लागला. मागे पाहिलं तर दोरोताची गाडी दोरापाशी आली होती. दोन बाटल्या दिल्या, दोन मिनिटांत सुटली. हाका मारल्या. बँड वाजत होता. चर्चमध्येही फोन बंदच ठेवायचा असतो, म्हणून विमानात बंद केलेला तसाच होता. नियम म्हणजे नियम.

चर्चमध्ये पोचलो ३.२५ ला, एका बुटाने; दुसरा चिखलात राहिला. आईबाबांनी स्वतःच्या अंगठ्या काढून दिल्या होत्या. बाबांची एकोणतीस वर्षांत निघाली नव्हती, साबण लावावा लागला म्हणे. मी अंगठ्यांची डबी पुढे केली. दोरोताने माझ्या कॉलरवरचा चिखल पुसला. म्हणाली, "राहू दे, राडेक. याच बसल्यात आता."

१६ जून, सोमवार. बर्गेन.
लेशेकने विचारलं, वेळेवर पोचलास ना? म्हटलं, आठ मिनिटं आधी. यात खोटं काही नाही.
परत निघताना सामान तोललं होतं. नऊ किलो नऊशे. बूट एकच, तरी आईने दिलेल्या केकमुळे तेवढंच भरलं. डबी अजून बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे.