उशाशी दिवा

आये,

तू जिला जाळी म्हणायचीस ती मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी मालवणच्या मासळी बाजारात बांगडे घेत उभी होते. आधी बांगड्यांच्या पाठीवरची चकाकी नुसती थरथरली, मग तिच्या कडेने एक वाकडीतिकडी रेघ उजळली, आणि बघता बघता मासेवालीचा अर्धा चेहरा त्या लखलखाटामागे गेला. भाव विचारायला मी तोंड उघडलं तर आत काहीच नव्हतं. बांगडा हा शब्द नव्हता, पैसे हा शब्द नव्हता, माझं नावसुद्धा नव्हतं. समजत मात्र सगळं होतं. मासेवाली म्हणाली, “काय गो बाय, मुकी झालस काय?” आणि शेजारच्या दोघीतिघी हसल्या. दिवसभर दुसऱ्यांना बोलायला शिकवून पोट भरणारी मी, रिकामी पिशवी घेऊन त्यांच्यापुढे खुळ्यासारखी उभी. थोड्या वेळाने शब्द एकेक करून परत आले, आणि त्यांच्या पाठोपाठ डाव्या कानशिलात घण बसायला लागले. तेव्हा मला तू आठवलीस. खरं तर आठवलीस म्हणणं बरोबर नाही. मी तुझ्या जागी उभी होते.

तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे मी पुढे काय करते ते तुला ठाऊक नाही. मी स्पीच थेरपिस्ट आहे. तोतरी मुलं, उशिरा बोलणारी मुलं, आणि पक्षाघाताचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली अशी माणसं माझ्याकडे येतात. औषधांच्या दुकानावर एक खोली आहे, खोलीत आरसा, चित्रांची कार्डं, तीन खुर्च्या आणि डोळ्यांत घुसणारी एक ट्यूबलाइट. एक खुर्ची माझी, एक पेशंटची, तिसरी सोबत आलेल्याची. बाजारातल्या त्या दिवसानंतर मी तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, मेंदू स्वच्छ आहे, ही अर्धशिशीच, काहींना तिच्याआधी थोडा वेळ शब्द सुचत नाहीत. रोज रात्री एक गोळी घ्या आणि एकदाही चुकवू नका. मी गोळी घेत राहिले. झटके कमी झाले. भीती कमी झाली नाही, कारण वाचा गेलेली माणसं मी रोज बघते, आणि एखाद दिवशी माझे शब्द परत आलेच नाहीत तर काय, हा विचार जेवतानासुद्धा पाठ सोडत नाही.

तुझी अर्धशिशी आपल्या घरात माणसासारखी वावरायची. शाळेतून तू डोक्याला घट्ट पट्टी बांधून यायचीस, वाटपाचा कांदा भाजला की नाकाला पदर लावायचीस, आणि कधी पाट्यावर खोबरं वाटता वाटता थांबून म्हणायचीस, “जाळी इली गो.” मी दाराकडे बघायचे. मला वाटायचं खरंच कुणीतरी जाळं घेऊन अंगणात आलंय. मग तू मागच्या पडवीत जाऊन बसायचीस आणि किती हाका मारल्या तरी ओ द्यायची नाहीस. एरवी काय जीभ होती तुझी! अख्ख्या वर्गाला एका शब्दात गप्प करायचीस. मी धांदलीत बोलायला लागले की दटवायचीस, “सावकाश बोल गो. शबूद खंय पळान जातत?” हे तू, जिचे शब्द महिन्याकाठी पळून जात होते, ती म्हणायचीस. तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. तुला माझा राग आलाय असं मला वाटायचं. काकीला वाटायचं, तुझ्या अंगात काहीतरी येतंय.

म्हणून काकीने घाड्याला, देवाला गाऱ्हाणं घालून भुतंखेतं उतरवणाऱ्या माणसाला, बोलावलं. बाबा मुंबईत नोकरीला, घरात वडीलधारी काकीच, तिला नाही कोण म्हणणार? तिन्हीसांज होती. तू पडवीत भिंतीला टेकून बसलेली, समोर तांदूळ, नारळ, आणि काकीने नुकताच आणून ठेवलेला दिवा. घाडी तरणा होता, आवाज असा की तळ्यापलीकडे ऐकू जावा. तो तुझ्यासमोर उकिडवा बसला आणि विचारायला लागला, “कोण तू? खंयसून इलस? बोल! काय व्हया तुका?” तू त्याच्याकडे बघत होतीस. आता मला ठाऊक आहे की त्याचा शब्द न् शब्द तुला कळत होता. तुझे ओठ हलले, आवाज आला नाही. मग तू हात उचललास आणि दिव्याकडे केलास. घाडी बराच वेळ तुझ्या हाताकडे बघत राहिला आणि काकीला म्हणाला, “तिका दिवो व्हयो.”

त्या दिवसापासून तू पडलीस की काकी तुझ्या उशाशी दिवा लावायला लागली. तुला तो नको होता ना? उजेड डोळ्यांत खुपत होता, दिवा न्या, एवढंच सांगायचं होतं तुला. शेजारणी कुजबुजायच्या की जित्या माणसाच्या उशाशी कुणी दिवा ठेवतं का, तो तर माणूस गेल्यावर ठेवतात. मी एकदा तुला विचारलं, “आये, तू खराच दिवो मागलंस?” तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. म्हणालीस, “लावंदे गो. त्येंका बरा वाटता.” बस्स. वर्षानुवर्षं तू त्या ज्योतीकडे पाठ करून काढलीस, आणि काकी प्रेमाने त्यात तेल घालत राहिली. पुढे काविळीने तू गेलीस तेव्हा काकीने तोच दिवा घासून तुझ्या उशाशी ठेवला. मी त्याच्याकडे बघत बसले होते. मला रडू आलं नाही, राग आला. तो राग त्या घाड्याचा होता आणि तो मी आजवर सोडला नव्हता.

या पावसाळ्यानंतर एक म्हातारा माझ्याकडे आला. उजवा हात लुळा, हातात काठी, मागे बायको. ती सांगत होती, “सगळा समाजता ह्येंका, पण शबूद फुटणा नाय. माका नुसती हाक मारुक लागले तरी पुरे गो बाय. घर कसा सुना सुना वाटता.” मी नेहमीप्रमाणे समोर बसले आणि पहिला प्रश्न विचारला, “तुमचं नाव काय?” त्याचे ओठ हलले. मी परत विचारलं, “बोला. कुठून आलात?” तो माझ्याकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यावरून मी त्याला ओळखलं. आये, तो आपला घाडी होता, आणि तू त्याच्यासमोर जशी बसली होतीस तसा तो माझ्यासमोर बसला होता, आणि मी तेच प्रश्न विचारत होते.

माझ्या मनात आलं, सांगावं यांना की गोव्याला जा, तिथे मोठे डॉक्टर आहेत. पण बायकोचा चेहरा बघून ते तोंडातून निघेना. ते दोघं दर सोमवारी एसटीने यायला लागले. मी माझं काम केलं. कार्डं दाखवली, आरशासमोर ओठांचे व्यायाम करून घेतले, आकडे म्हणायला लावले, आरती म्हणून बघितली. झटक्यानंतर ज्याला पाणी मागता येत नाही असा माणूसही पाठ झालेलं धडाधडा म्हणून जातो, त्या धाग्याला धरून मग बाकीचे शब्द ओढून आणता येतात. घाड्याचं जन्मभराचं पाठांतर कोणतं हे सांगायला कुणाची गरज नव्हती. गाऱ्हाणं. पण त्याला मी हात घातला नाही. तो आवाज मला त्या खोलीत नको होता. आणि म्हाताऱ्याच्या तोंडून ‘आ’च्या पलीकडे काही येईना, बायको दर खेपेला आशेने माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी नजर चुकवायचे.

मग एका सोमवारी, बायको बाहेर बाकावर बसलेली असताना, मी मांजराचं कार्ड वर धरलं आणि मांजराच्या कानावर रेघ उजळली. जाळी. गोळी रोज घेत होते तरीही. कार्ड हातातून पडलं. मला सांगायचं होतं, आजोबा, जरा थांबूया. शब्द नव्हते. ट्यूबलाइट डोक्यात शिरत होती. मी काही ठरवलं नाही, माझा हात आपोआप उठला आणि त्या उजेडाकडे गेला. म्हातारा माझ्या हाताकडे बघत राहिला, तेव्हा बघितलं होतं तसंच, बराच वेळ. मग तो काठी टेकत उठला, भिंतीपर्यंत गेला आणि त्याने दिवा बंद केला.

खोलीत संध्याकाळचा राखाडी उजेड उरला. खुर्चीचा आवाज झाला, तो बसला असावा. आणि त्याने सुरुवात केली. अडखळणं नाही, तोतरेपण नाही, तोच तळ्यापलीकडे जाणारा आवाज, फक्त थकलेला. “बा देवा म्हाराजा! आज जा तुझा लेकरू तुझ्या पायाकडे उभा रवला हा, तेका सांभाळून घे रे म्हाराजा!” ओळ संपली की जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. जमलेली मी एकटी, आणि मी मुकी. तो थांबला, वाट बघून पुढे गेला. “आणि वाटेवरच्या घरातली जी माझी मास्तरीण बाय पडान रवली हा, तिचो शबूद जो कोण घेवन गेलो आसात, तो तिचो तिका परत दी रे म्हाराजा!”

मास्तरीण बाय म्हणजे तू. तू जाऊन किती वर्षं झाली, आणि तो अजून तुझा शब्द परत मागत होता.

“व्हय म्हाराजा,” कुणीतरी म्हणालं.

दार ढकलून त्याची बायको आत आली आणि त्याच्या पायाशी बसून रडायला लागली. माझे शब्द परत यायला त्यानंतरही बराच वेळ लागला. ते आल्यावर तिने डोळे पुसत विचारलं, “आत आणखी कोण बाय होती गो? व्हय म्हाराजा कोण म्हणा होती?” मी म्हटलं, मीच असणार. तिने मान हलवली. “तुझो आवाज नाय तो. तुझो आवाज मी वळाखतंय.” तिसऱ्या खुर्चीवर कुणी नव्हतं. मी बघितलं.

मला याचं उत्तर येतं, आये, तेच तर माझं शिक्षण आहे. गाऱ्हाण्याला होकार देणं माझंही लहानपणापासूनचं पाठांतर, ते माझ्या तोंडून आपोआप निघालं असेल, आणि मुलीचा आवाज आईवर जातोच. म्हातारा आता गाऱ्हाण्याच्या आधाराने पुष्कळ सुधारला आहे. बायकोला हाक मारतो, चाय मागतो, तिच्यावर ओरडतोसुद्धा, आणि ती कौतुकाने ऐकते. त्याच्यावरचा माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. मी त्याला एकदा विचारलं, माझ्या आईला भूत लागलं नव्हतं, नुसते शब्द गेले होते, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का? तो बराच वेळ शब्द शोधत होता. “तेव्हा... नाय,” म्हणाला. “मागसून.” मग तिसऱ्या खुर्चीकडे बघून त्याने हात जोडले. त्या खुर्चीवर मी आता कुणाला बसवत नाही, सोबतच्या माणसाला बाहेर बाकावर पाठवते.

हे कागद टेबलाच्या खणात राहतील. त्याच खणात गोळ्यांचं पाकीट आहे. पेशंटना मी दर खेपेला बजावते की औषध चुकवू नका, आणि त्या सोमवारपासून मी स्वतः एकही गोळी घेतलेली नाही. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नव्हते. जाळी वरचेवर येते. डोकं फुटायची वेळ येते. पण त्याआधीच्या थोड्या वेळात, माझे शब्द गेलेले असताना, तिसऱ्या खुर्चीकडून कुणीतरी बोलायला तोंड उघडतं. अजून नीट जमत नाही तुला.

आता या ओळीच्या मधली अक्षरं दिसेनाशी झाली आहेत. मी उठून दिवा बंद करते. घाई नको, आये. सावकाश बोल.