रेघेच्या डावीकडचं

मरोळ गावठाण,
१० मे १९८७

प्रिय रीटा,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, आई बरी आहे. बरी म्हणजे आज सकाळी स्वतः उठून कोंबड्यांना दाणे टाकले, इतपत बरी. नेहमीच्या निळ्या हवाईपत्रात हे मावणार नव्हतं, म्हणून माझ्या मोठ्या पोरीच्या वहीचे कागद फाडलेत. अक्षराला हसू नकोस. फॅक्टरीत दिवसभर चिमट्यानं बारीक तारा जोडून बोटं आखडतात, आणि आज हात तसाही जड झालाय. सांगायचंय ते आईच्या तिकडे येण्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी तू तिला ॲरिझोनाला बोलावलंस आणि इथून ‘येत नाही’ असं उत्तर गेलं, त्याबद्दल. पण एकदम तिथं उडी मारायचा धीर होत नाही. आधी लॉरेन्सच्या लग्नाचं सांगते.

लॉरेन्स, आपल्या धाकट्या काकांचा. तू गेलीस तेव्हा शेंबूड पुसायची अक्कल नव्हती, आता मिशी ठेवून नवरा झाला. ईस्टरनंतरच्या रविवारी लग्न होतं, म्हणजे शनिवारी संध्याकाळी उंबराचं पाणी. बँड आला, बायका लुगडी नेसून नटल्या, आईनं तिचं लाल लुगडं काढलं. नवऱ्याच्या अंघोळीचं पाणी विहिरीवरून आणायचं तर गाणं आईनंच धरायचं, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. तुझ्या आठवणीत असेल, ती एक ओळ म्हणते आणि बाकीच्या मागून झेलतात. या खेपेला तिनं दोन ओळी म्हटल्या, तिसरीला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. छातीतून नुसती शिट्टी. झेलणाऱ्या बायका तशाच तोंड उघडं ठेवून थांबल्या. बँडवाल्यालाही वाजवावं की नाही ते कळेना. शेवटी काकीनं चुकीच्या शब्दांनी कसंबसं गाणं पुढं ओढलं आणि आई विहिरीच्या काठावर गुडघे धरून बसली. सगळ्यांची माफी मागत होती. लग्नघरात अपशकुन झाला म्हणत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

सोमवारी तिला डॉक्टरकडे नेलं. तो बिचारा नवीन आहे, आपल्या घरची भानगड त्याला काय माहीत. त्यानं विचारलं, घरात ओल आहे का. मी म्हटलं, भिंतीला जूनपासून दिवाळीपर्यंत बुरशी असते. आजूबाजूला धूर आहे का. मी म्हटलं, पूर्वी आमची भातशेती होती तिथं आता चारी बाजूंनी कारखाने आहेत. मिरची कुटता का. आता मे महिन्यात आमच्यात मसाला कुटत नाही असं घर कुठलं? तो म्हणाला, हे सगळं बंद करा, आणि कोरड्या हवेच्या ठिकाणी कुणी नातेवाईक असेल तर त्यांना तिकडे पाठवा. अगदी सहज म्हणाला.  घरी येऊन आई पाणी प्यायली आणि मग एकच गोष्ट बोलली. ती शेवटी लिहिते. लिहीन नक्की, पळून जाणार नाही.

तुझं ते पत्र माझ्यापुढे आहे. पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीतलं. तू तिकडची नागरिक झालीस, आता आईला कायमचं बोलावता येईल, असं लिहून खाली तू पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ मारली होतीस. हॉस्पिटलात पेशंटचे तक्ते भरून सवय लागली असेल. डाव्या हाताला चांगलं, उजव्या हाताला वाईट. आणि वर लिहिलं होतंस, ‘बाय, दोन्ही बाजू आईला नीट वाचून दाखव. मी तिला फसवून आणणार नाही. तिलाच ठरवू दे.’ हे वाक्य मला पाठ झालंय. फॅक्टरीत तारा जोडताना, कुकर लावताना, मधेच आठवतं.

उजव्या हाताला तू काही लपवलं नव्हतंस. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाऊल टाकता येत नाही, गाडीचं चाक हाताला चटका देतं. रस्त्यावर चालणारं माणूस दिसत नाही, चर्चला जायलाही गाडी लागते. नदीवर मोठा पूल आहे आणि खाली नुसती वाळू. बोंबील नाही, निवटी नाही, ओला मासा म्हणजे बर्फातला. बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, विंचू असतो. तुझी बारा-बारा तासांची ड्युटी, तोवर आईनं घरात एकटीनं बसायचं. आणि अगदी तळाला, तिथं काही झालं तर बाबांच्या कबरीशेजारची जागा तिला मिळणार नाही. तू हे लिहिताना रडली असशील, शाई पसरली आहे.

आणि डाव्या हाताला होतं की हवा इतकी कोरडी आहे की धुतलेली चादर पाऊण तासात वाळते. की तुझ्या बिल्डिंगमध्ये दम्याची किती म्हातारी माणसं मुद्दाम दूरदूरच्या गावांहून राहायला आली आहेत आणि जिना चढून जातात. की आईसाठी वेगळी खोली आहे, खिडकीतून लांब डोंगर दिसतात आणि संध्याकाळी ते लाल होतात. की शेजारी मेक्सिकोची एक म्हातारी आहे, ती आपल्यासारखीच मिरच्या भाजते, रोज रोझरी म्हणते आणि हातावर भाकरीसारखं काहीतरी थापते, दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळणार नाही पण जमेल. की थंडीत ऊन इतकं चांगलं असतं की आई त्यात खुर्ची टाकून बसेल. शेवटी, ‘आणि मी आहे.’

रीटा, मी तो कागद रेघेवर दुमडला.

आई समोर पाटावर लसूण सोलत बसली होती. मी डावी बाजू मागे वळवली, अंगठ्यानं घडी घट्ट केली आणि उजवी बाजू मोठ्यानं वाचली. विंचवापाशी जरा थांबलेसुद्धा, तिला नीट कळावं म्हणून. बाबांच्या जागेचं दोनदा वाचलं. नाटकात काम केलं असतं तर बक्षीस मिळालं असतं.

का केलं ते तू विचारशील, आणि मी दोन वर्षं स्वतःला वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली. पहिलं उत्तर सोपं आहे. मी सातला घर सोडते, विन्सेंटची शिफ्ट बदलती, आमची तीन पोरं. त्यांना उठवणं, जेवायला घालणं, शाळेत पोचवणं, ताप आला की उशाशी बसणं, सगळं आई. ती गेली असती तर मला नोकरी सोडावी लागली असती. हे उत्तर फादरांना सांगता येण्यासारखं आहे, सांगितलंही. दुसरं उत्तर त्यांना सांगितलं नाही. तू गेल्यापासून गावात आई ‘रीटाची आई’ झाली. तिची औषधं मी आणते, तिचे पाय मी चेपते आणि बायका मला विचारतात, रीटाचं पत्र आलं का, रीटानं काय पाठवलं. तू पाठवलेलं ते मऊ स्वेटर आई मे महिन्यातही मांडीवर घेऊन बसते. त्या कागदावर तुझी खोली होती, डोंगर होते, शेजारीण होती. माझं नाव कुठल्याच बाजूला नव्हतं. मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि ज्या एका माणसावर माझं घर उभं होतं ते तू नेत होतीस. तुला हे नवीन वाटेल. तू कधी माझ्याशी वाईट वागली नाहीस. म्हणून तर मला जास्त राग यायचा.

इथून गेलेल्या ‘येत नाही’वर तू दोनच ओळी पाठवल्यास, ‘आईची मर्जी. मी पुन्हा विचारणार नाही.’ त्या मी आईला वाचून दाखवल्या नाहीत. नंतर तुझी पत्रं लहान झाली. नाताळात केमिस्टच्या दुकानात तुझा फोन येतो, आई रिसीव्हर उलटा धरते, ओरडून विचारते जेवलीस काय, तू म्हणतेस हो, की तीन मिनिटं संपली. त्या तीन मिनिटांत माझा जीव टांगणीला लागतो. तू विचारशील का, ती बोलेल का. दोघींनीही कधी काही काढलं नाही. दोघी मानी, बाबांवर गेलात. मी त्याचा फायदा घेतला.

मसाल्याचं माहीत आहे ना, दरवर्षी पहिली बाटली तुझी. कुणी तिकडे जाणारं मिळालं की पाठवायची. गेल्या वर्षी आणि या वर्षीही आईनं ती भरली, बूच दाबून वर कापड बांधलं आणि कपाटात मागे ठेवून दिली. पाठवायचं नाव काढत नाही. मला वाटलं, विसरली. परवा कपाट पुसताना पाहिलं, दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्यावर धूळ नाही. ती रोज पुसते.

आता ते, जे सांगायला इतके कागद फाडले. डॉक्टरकडून आल्यावर पाणी पिऊन आई म्हणाली, “रीटा पन हाच बोलत होती, सुकी हवा. पन तिनी मंग बोलावलाच नाय. असूदे, तिचा पन संसार हाय.” कारण रीटा, त्या दिवशी आई नाही म्हणालीच नव्हती. मी सगळं वाईट वाचून संपवलं, ऊन, विंचू, एकटेपणा, बाबांची जागा, आणि वाट बघत बसले. तिनं हातातला लसूण खाली ठेवला आणि म्हणाली, “येवढा वाईट हाय तर पोर एकटी कशी ऱ्हाते? लिही तिला, मी येते.” आणि मी त्याच पाटापाशी बसून तुला ‘आई येत नाही’ असं लिहिलं. तिला लिहिता येत नाही, म्हणून ती प्रत्येक पत्राखाली आपल्या हातानं क्रूस काढते, वाकडा, खालचा पाय लांब, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. त्या पत्राखालचा क्रूस काढून बघ. तो सरळ आहे. तो मी काढला. दोन वर्षं तुला वाटलं आईनं तुला नाकारलं आणि आईला वाटलं तू तिला विसरलीस, आणि मी मधे बसून दोघींचं वाचत होते. काल दुपारी मी तिच्यापुढे कागद उलगडला आणि डावी बाजू वाचली, मग सगळं सांगितलं, क्रूसाचंही. ती रडली नाही, मला मारलंही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, चांगलं कुठून सुरू होतं ते दाखव. मी बोट ठेवलं, तर तिनं त्यावर आपलं बोट ठेवून वरून खालपर्यंत नेलं, आणि ‘आणि मी आहे’ पाशी मी थांब म्हटल्यावर थांबली. मग म्हणाली, पोरांची काळजी करू नको, त्यांना मी जायच्या आधी भात लावायला शिकवते. तू कागदपत्रं पुन्हा भर, रीटा. जितक्या लवकर होईल तितकं, पाऊस यायचाय आणि भिंतीला ओल यायचीय. इथली सगळी धावपळ मी करीन, पासपोर्ट, फोटो, मुलाखत, जे लागेल ते. मला क्षमा कर असं लिहिणार नाही, ते तू ठरव. हे पत्र आईला दोनदा वाचून दाखवलंय, दोन्ही बाजूंनी, काहीही न दुमडता. खालचा क्रूस तिचा आहे. पेन तिनं माझ्या हातून स्वतः ओढून घेतलं.

तुझीच,
एमिलिया