उपाशी ठेवायचा वाफा

तीर्थरूप रामनाथमामांना मयूरीचा उभ्या उभ्या नमस्कार. (वाकून केला असता, पण या रागात कंबर वाकत नाही.) तब्येत बरी असेलच. मामींचा गुडघा कसा आहे? वाणगावला मिरचीची रोपं लागली का? पद्धत म्हणून विचारलं, आता मुद्द्याचं ऐका. फोन केला की तुम्ही "हां, हां" करून ठेवून देता, म्हणून लिहून नविनच्या हाती पाठवतेय. तुमच्या जावयाला सांगून ठेवलंय, मामांचं वाचून होईपर्यंत समोरून हलायचं नाही.

सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी मी तलासरीला गेले, तेव्हा डहाणूचं घर तुमच्यावर सोपवलं. निघताना बिल्डिंगीमागचा वाफाही नेऊन दाखवला. भिंत आणि कंपाउंड यांच्यामधली ती चिंचोळी पट्टी, जिथे दोन स्कूटर शेजारी उभ्या राहत नाहीत. (एक उभी असायची, तळमजल्यावरच्या दीपेशची. ती हलवली म्हणून तो अजून माझ्याशी बोलत नाही.) गच्चीवरची कबुतरांची घाण, कुंड्यांतलं खत, पार्किंगमधलं शेण, सगळं पावसात वाहून मागे मासे पाळणाऱ्या हाल्याच्या तळ्यात जायचं. त्यावर शेवाळ माजतं आणि पहाटे माशांना श्वास मिळत नाही. गेल्या वर्षी त्याचे निम्मे मासे उलटे तरंगले. म्हणून खडी, रेती, काथ्या घालून हा वाफा केला, त्यात कर्दळ आणि वाळा लावला. पाणी त्यातून झिरपेल, खत झाडं खातील आणि तळ्यात स्वच्छ पाणी जाईल. झाडांनी आमच्या घाणीवरच जगायचं, वरून चिमूटभरही काही घालायचं नाही, असं मी बजावून सांगितलं. तुम्ही मान हलवलीत!

चिकूवाडीत जन्म गेलेल्या माणसाला पिवळं पान बघवत नाही, हे मलाच कळायला हवं होतं. (तुमच्याकडे एक वेळ पाहुण्याचा चहा चुकेल, झाडाचं खत चुकणार नाही.) तुम्हाला कर्दळीची कीव आली. मग वाणगावहून लेंडीखताची गोण आली, वर युरिया. बरं, गुपचूप करावं, तर तेही नाही! बिल्डिंगीतल्या बायकांना जमवून शिकवणी घेतलीत. कुणी चहाचा चोथा टाकला, कुणी मासळी धुतलेलं पाणी. दीपेशने (हो, तोच!) कोंबडीखत आणलं. मी परतले तर कर्दळ माझ्या खांद्याला लागत होती आणि अख्खी बिल्डिंग माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच आजवर झाडांना छळत होते.

मग गेल्या आठवड्यात पाऊस कोसळला आणि तुमची सगळी माया रेतीतून तळ्यात उतरली. तळं पोपटी झालं. आज सकाळी हाल्याचे रोहू पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते, काही तर मेलेच. त्याची बायको जानी आमच्या गेटवर उभी राहून जे बोलली ते लिहिता येत नाही, पण त्यातला एक शब्द खोटा नव्हता. काय सांगू मी तिला? आमचे मामा फार प्रेमळ आहेत? तळपायाची आग मस्तकात गेली, मामा. त्या तळ्यावर तिचं घर चालतं. जन्मभर शेती केलीत, आणि खत कुठे घालू नये एवढं कळू नये? मला तिच्यासमोर मान वर करायची लाज वाटते. या पावसाळ्यात तुम्ही डहाणूला येऊ नका. राग आला तर येऊ दे.

तुमची (सध्या नाइलाजाने) भाची,
मयूरी

ता. क. येऊ नका म्हटलं ते परवापासून. आज वाडीतला डिझेल पंप टेम्पोत घाला आणि नविनबरोबरच निघा. तळ्यातलं पाणी उचलून उंचावरून परत तळ्यात पाडलं की माशांना हवा मिळते. इथे भाड्यानेही पंप मिळाला नाही. पहाटेच्या आत सुरू झाला नाही तर उरलेलेही जातील.

आणखी ता. क. रिकाम्या गोणी आणा. वाफ्यातलं सगळं खत तुम्ही स्वतः खरवडून काढायचं आणि परत न्यायचं. दीपेश हाताखाली येईल, त्याला मी सांगितलंय. (म्हणजे ओरडून सांगितलंय.)

शेवटचं ता. क. कर्दळीच्या खालच्या पानांवर तपकिरी ठिपके पडलेत. कसले ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार? तेवढं बघून जा. फक्त बघायचं. गेटवर जानी बसलीय, आत येण्याआधी खिसे तिला उलटे करून दाखवा.