चौदसपर्यंत

कार्तिक शु. ८
दिवाळीहून परत. परभणीत पोचलो, बोर्डिंगची खोली तशीच, माझ्या वळकटीत मुंग्या. शाळेच्या हजेरीत सरकारी सालाचा दै महिना चालू आहे, बोर्डिंगच्या भिंतीवर कार्तिक. मी भिंतीवरचा धरतो.
मोठी बातमी: नाटकाला कचेरीची इजाजत मिळाली. दोन वर्षं अर्ज परत येत होता. एकच संध्याकाळ, मार्गशीर्ष शु. चौदस. त्या दिवशी झालं तर झालं, पुढं ढकलायचं नाही, असं बजावून सांगितलंय. बोर्डिंगच्या मास्तरांनी स्वतः लिहिलेलं मराठी नाटक, म्हणून सारखे घसा साफ करत फिरतायत.
मी चंद्रा, म्हणजे नायिका. केसांचा टोप होता, तो उंदरांनी खाल्ला. त्यामुळे इजाजतीच्या आशेवर गेल्या सालच्या आषाढापासून केस वाढवतोय. खांद्यापर्यंत आले. तिसऱ्या अंकात चंद्रा सगळ्या गावासमोर केस मोकळे सोडते, तो प्रवेश टोपावर जमतच नाही असं मास्तरांचं आधीपासून म्हणणं. घरी काकूनं डोक्यात तेल घातलं आणि हसून हसून बेजार झाली.

कार्तिक शु. ११
दिवसभर उर्दूतून भूगोल, उर्दूतून हिसाब. संध्याकाळी जेवणघरात चटया गुंडाळून मराठीतून नाटक. वर्गात केस टोपीखाली कोंबतो. मौलवीसाहेब रोज टोपीकडे बघतात, बोलत काही नाहीत. भला माणूस.
केस धोंडिबा विंचरून देतो. माझ्याच खोलीतला. राणीसावरगावचा, घरी मेंढरं. "आमी भादरायच्या आधी मेंढरं धुतो. तुला बी धुवावं लागतंय." हात मात्र हलका आहे त्याचा. नाटकात तो पडदा ओढणार. सगळे मला चंद्राबाई म्हणतात. आता वळून बघायची सवय झाली, हे काही बरं नाही.

कार्तिक व. ४
दुपारी फाटकाशी आमची बैलगाडी. सखाराम, आमचा झरीचा जुना गडी. आमच्याकडे मयताचा सांगावा आणणारा माणूस आत येत नाही, पाणीही घेत नाही. मी लांबूनच त्याच्या हाताकडे बघत राहिलो. त्यानं हाक मारली, "बापू, पानी दे की आदी." तांब्या एका दमात रिकामा केला. मग म्हणाला, आबाला बरं न्हाई, बलावलंय.
आबा म्हणजे थोरले काका. मूलबाळ नाही. मी चालायला लागलो तेव्हापासून त्यांच्याच घरी. त्यांचा अग्नी मी द्यायचा, हे गावातलं कुणीही सांगेल.
मास्तरांनी जायला परवानगी दिली. म्हणाले, "केसांची काळजी घे." मग चूक लक्षात आली आणि म्हणाले, "काकांचीसुद्धा."

कार्तिक व. ५, झरी
पाय सुजलेत, छाती वाजते. जिंतूरच्या वैद्याची पुडी चालू, फरक नाही. मला बघून म्हणाले, "ही कुनाची सून आली म्हनायची?" हसले, मग बराच वेळ खोकले.
"नाटक कवा हाय?"
"चौदसीला. पुढच्या महिन्यात."
"लय लांब लावलं रं." छताकडे बघत राहिले. मग, "आन मी गेलो तर हे केस जानार. दहाव्याला."
मी त्यांच्या पायावर पांघरूण ओढलं. खोटं तरी काय बोलणार.
"तवर थांबतो की मग. मला काय दुसरं काम हाय?"
काकू तिथंच उभी होती. ती आत गेली.

कार्तिक व. ६, झरी
आबांनी हुकूम सोडला, इथं करून दाखव. काकूचं लुगडं नेसलो, खाटेसमोर तिसरा अंक केला. भाऊ परत येत नाही असं कळतं आणि चंद्रा विहिरीवर रडते, तो प्रवेश. मी पदरात तोंड झाकून हुंदके दिले. मास्तरांनी तसंच बसवलंय.
काकू तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बाईमानूस आसं रडत न्हाई. तोंड झाकून बसायला येळ कुठला? पदर एकदा डोळ्याला लावती, आन हातातलं काम तसंच चालू ऱ्हातंय." आणि करून दाखवलं. पदर डोळ्याला, दुसरा हात सुपात. करताना तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. आम्ही दोघांनीही ते बघितलं नाही.
आबा: "आता बरूबर. आता पुन्ना कर."
पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही. झोप लागली त्यांना.

कार्तिक व. १०
परभणी. तालीम. लिहायचं की नाही ते ठरत नव्हतं. लिहितो.
आज तालमीत मनाशी म्हणत होतो, आबांनी चौदसपर्यंत काढावं. चौदसपर्यंत. बरं व्हावं असं मनात आलंच नाही. घरी असतो तर त्यांचे पाय चेपत असतो, इथं त्यांच्या मरणाला तारीख देतोय. स्वतःची शिसारी आली. धोंडिबाला सांगितलं. बराच वेळ विंचरत राहिला. मग, "देव काय कचेरी हाय व्हय, अर्ज करायलास?"

कार्तिक अमावस्या
अख्खं बोर्डिंग आबांच्या तब्येतीला जपायला लागलंय. ज्यांनी त्यांना पाहिलेलं नाही तेही सकाळी उठल्याबरोबर विचारतात. नाटकात पाटील होणाऱ्यानं मारुतीला नारळ बोललाय, नगारावाल्यानं शनिवार धरलाय. एवढी माया आबांना सख्ख्या भावांनी लावली नसेल.
आज जेवताना कुणीतरी काढलंच: सुतक ऐकल्यावर लागतं, त्याच्या आधी नाही. म्हणजे सांगावा आला आणि तो मला कुणी सांगितलाच नाही तर नाटक होतंय. सगळे एकदम बोलायला लागले. फाटकाशी कोण बसणार, पाळ्या कशा लावायच्या. मास्तर ताटात बघून भाकरी कुस्करत होते. नाही म्हणाले नाहीत.
मीही नाही म्हणालो नाही. पण अग्नी देणारा मी. मला कळलं नाही तर मयत तिकडं कुणासाठी थांबणार?

मार्ग. शु. ५
बाजाराला आलेल्या झरीच्या माणसाकडून निरोप. आबा उठून बसतात, नुसती पेज घेतात. त्यांनी सांगायला सांगितलंय: "म्हनावं, थांबलोय."
निरोप मी एकट्यानं ऐकायला हवा होता. पण पोरं भोवती होती. टाळ्या वाजवल्या त्यांनी.

मार्ग. शु. ११
रंगीत तालीम. विहिरीचा प्रवेश काकूनं दाखवला तसा केला. पदर एकदा डोळ्याला, दुसऱ्या हातानं घागर घासत राहायची. संपल्यावर मास्तर जवळ आले. चष्मा पुसला. मग म्हणाले, "हे मी लिहिलेलं नाही."
मग केस सोडले. धोंडिबा पडदा ओढायचा विसरला, त्यावर बोलणी खाल्ली.
आजवर कशातच फार हुशार नव्हतो. हिसाबात तर नाहीच. हे मला येतं. येतं हे कळल्यावर फार बरं वाटलं, आणि लगेच झरीची आठवण झाली. दोन्ही एकाच वेळी कुठं ठेवायचं...

मार्ग. शु. १४
सकाळ. मंडप उभा. झोप नाही. केस धुतले. गावातून लोक आत्तापासून जागा धरायला येतायत, बायकासुद्धा.

तीच तिथी, ऊन उतरल्यावर
कपडेपटातून लिहितोय. लुगडं नेसून झालं. बांगड्यांमुळे नीट लिहिता येत नाही.
मघाशी धोंडिबा आत आला, दाराशीच थांबला.
"सखाराम आलाय."
"पाणी प्याला?"
"मला फाटकाकडं जाऊ देईनात. तांब्या नेलाय पोरांनी."
"मग प्याला का?"
"ठाव न्हाई, बापू." मला तो कधी बापू म्हणत नाही.
खिडकीतून दिसतं ते एवढं. लिंबाखाली आमची गाडी. बैल सोडलेले नाहीत. सखाराम जुवावर हात ठेवून उभा, पोरांचं कडं त्याच्या भोवती. तांब्या त्याच्या पायाशी जमिनीवर. भरलेला की रिकामा, इथून कळत नाही. नाटक बघायला आला असेल. आबांनीच पाठवला असेल, जा, बघून ये आन मला सांग म्हणून. आबा तसेच आहेत. नाहीतर...
मास्तर रंग लावायला आले. विचारलं, बाहेर कोण आहे? म्हणाले, "हलू नकोस, रंग पसरतो." माझ्याकडे न बघता भुवई रेखली. दोन वर्षांचे अर्ज, बाहेर बसलेले एवढे लोक, त्यांचं तरी काय चुकलं. पुन्हा विचारलं. "नाटकानंतर बोलू, बाळ."
बाळ.
पहिली घंटा झाली. बाहेर नगारा सुरू.
तिकडं ओसरीवर आबा खाटेवर असतील नाहीतर खाली जमिनीवर असतील. कसेही असोत, माझ्यासाठी थांबलेत. काकूचा पदर एकदा डोळ्याला लागला असेल, हात चालूच असेल. आणि तो हात मी इथं लोकांना दाखवणार, टाळ्या घेणार. दाखवायचाय मला, हेही खरं. फार दाखवायचाय.
धोंडिबा पडद्याच्या दोरीशी उभा आहे. माझ्याकडेच बघतोय. त्याला खूण केली, थांब म्हणून. त्यानं दोरी सोडली, पडदा बंदच राहिला.
दुसरी घंटा. वही त्याच्याकडे देतो. मागच्या दारानं फाटक जवळ आहे. पोरं आडवी येतील, येऊ देत.
कोपऱ्यातला तांब्या भरून घेतलाय. सखारामला आधी पाणी विचारतो.