सावलीतला गरम घड

सोमवार, संध्याकाळचे सहा. स्टेशनवरच लिहितोय.

दुपारी वॅगन भरताना अंजनाक्काने विचारलं, "भाऊ, हे घड गरम कामून लागतात?" वीस वर्षं केळी भरणारी बाई! आणि मी सहा महिन्यांचा मुकादम. सगळ्यांसमोर म्हणालो, "उन्हातून आलेत, गरम लागणारच. तुम्ही हात चालवा." तिने हातातला घड तसाच आत ठेवला. मग बाकीच्यांनीही.

वॅगनला सील लागल्यावर उरलेला एक घड उचलला. सकाळपासून सावलीत होता, तरी गरम. म्हणजे ऊन नव्हे, आतून पिकायला लागलाय. असे चार जरी आत गेले असतील, तर दिल्लीपर्यंत अख्ख्या वॅगनचा लगदा.

तेव्हाच हात लावून बघायला काय झालं होतं मला? मुकादमाला माहीत नाही हे दिसलं असतं, एवढंच.

साडेसातला इंजिन लागेल. सील तोडा म्हटलं की स्टेशन मास्तर शिव्या घालतील. घालू देत. पण इतक्या घडांतले गरम कुठले, ते मला कुठे ठाऊक? ते तिच्या हातांना ठाऊक. आणि मी इथे वही घेऊन बसलोय, तिच्यासमोर जायची लाज वाटते म्हणून.

अक्काची यावलची बस सहा-वीसला सुटते. पळतो.